भोकासकट

सोमवारी सकाळी ओरेस्त बोयचुकने बटाट्यांच्या पोत्यात हात घातला आणि आतून कुणीतरी त्याची बोटं धरली. निदान त्याला तसं वाटलं. त्याने हात झटकन बाहेर ओढला, आजूबाजूला कुणी पाहिलं तर नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग बहात्तर वर्षांच्या माणसाला शोभेल अशा सावकाशीने पोत्याचं तोंड उघडून आत डोकावला. बटाट्यांना मोड आले होते. एकदोघांना नव्हे, सगळ्यांना. वीतभर लांब, पांढरेफटक मोड, एकमेकांत गुंतलेले, दाराच्या उजेडाकडे तोंड करून उभे. बाहेर उणे एकतीस होतं. विनिपेगमध्ये डिसेंबरच्या मध्याला उणे एकतीस असणं यात सांगण्यासारखं काही नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या पुढच्या ओट्याखाली अशीच एक थंड खोली होती आणि प्रत्येक खोलीत बटाटे या वेळी दगडासारखे झोपलेले होते. फक्त ओरेस्तच्या घरी त्यांना वसंत ऋतू आल्याची बातमी कळली होती, आणि ती कुणी कळवली हे ओरेस्तला अगदी चांगलं ठाऊक होतं. त्याने सहा मोठे बटाटे निवडले, त्यांचे मोड अंगठ्याने खुडून विजारीच्या खिशात भरले आणि जिना चढून वर आला. "किती वेळ!" चुलीपाशी उभी असलेली स्लाव्का मागे न वळता म्हणाली, "पेरून, उगवून, काढून आणलेस की काय?" ओरेस्तचा हात आपोआप खिशाकडे गेला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने सहज म्हणून बोललेली वाक्यं इतकी नेमकी कशी लागतात, हे कोडं त्याने सोडवायचं कधीच सोडून दिलं होतं.

तो पुन्हा खाली गेला आणि उपड्या बादलीवर बसला. ही त्याची बसण्याची जागा. इथे बसलं की तळघराच्या चारही भिंती एका नजरेत येत, आणि त्या पाहताना त्याला जे वाटे ते इतर माणसांना नातवंडांकडे पाहून वाटतं म्हणतात. दोन उन्हाळे घातले होते त्याने त्यावर. शेजारीपाजारी तळ्यावर मासे धरायला जात तेव्हा ओरेस्त तळघरात उताणा पडलेला असे. काँक्रीटच्या उघड्या भिंतीला फोमचे जाड तक्ते चिकटवले, तक्त्याला तक्ता भिडवून प्रत्येक सांध्यावर पट्टी ओढली. भिंतीच्या माथ्यावर जिथे घराचे वासे टेकतात तिथे वाशावाशांमध्ये खोबण्या असतात, आणि जुन्या घराची निम्मी गळती तिथून होते. अशा सेहेचाळीस खोबण्या. प्रत्येकीचं माप वेगळं, कारण एकोणीसशे अठ्ठावीस साली घर बांधणाऱ्याला मोजपट्टी हा प्रकार मान्य नसावा. ओरेस्तने प्रत्येकीसाठी फोमचा वेगळा ठोकळा कापला आणि कडेने नळीतला ओला फेस सोडून ती बुजवली. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, जिथून जे काही आत आलं होतं त्याच्याभोवतीची फट त्याने शोधून बंद केली. घर तापवणाऱ्या भट्टीला जाळायला लागणारी हवा बाहेरून स्वतंत्र नळीने आणली, माणसांना श्वासाला लागणारी दुसऱ्या यंत्राने. म्हणजे घरात काय शिरायचं ते आता ओरेस्त बोयचुकला विचारून शिरणार. एकदा तो फेस केसांत वाळला तेव्हा स्लाव्काने कात्रीने टाळूवरचा पुंजका कापून काढला आणि पुढचे तीन रविवार तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. शेजारचा नेस्टर पाव्लुक नेमका त्याच्याही मागे येऊन बसला आणि प्रवचन चालू असताना कानात म्हणाला, "ओरेस्त, तुला शवपेटी लागायचीच नाही बघ. खाली नेऊन ठेवला की झालं. शंभर वर्षं ताजा राहशील."

नेस्टरला असं बोलायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी लेस्या नावाची मुलगी घराची तपासणी करायला आली होती. तिने पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, त्यात मोठा पंखा लावला आणि घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात केली. त्याबरोबर घर सगळीकडून शिट्ट्या मारायला लागलं. ओरेस्त चाळीस वर्षं त्या घरात राहत होता. आपल्यामागे भिंती काय बोलतात ते त्याने त्या दिवशी प्रथमच ऐकलं. आकडा आला नऊ पूर्णांक दोन. म्हणजे पंखा लावल्यावर घरातली सगळी हवा तासाला नऊ वेळा बदलत होती. "सगळ्या फटी एकत्र केल्या ना मामा," लेस्या म्हणाली आणि तिने दोन्ही हात पसरले, "तर एवढी खिडकी होईल. वर्षभर सताड उघडी." ओरेस्तच्या लोकांत अनोळखी म्हाताऱ्याला आईच्या भावाचं नातं लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यात मायाच होती. पण ओरेस्तला ते हात विसरता येईनात. आणि त्या वेळी कुंपणापलीकडून मदतीला आलेला नेस्टर म्हणाला होता, "जुनं घर आहे. दोनच्या खाली काही जात नाही ते. गेलं तर चर्चच्या जेवणघरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन." ओरेस्त दुसऱ्या दिवशी फोम आणायला गेला होता. आणि आता येत्या गुरुवारी लेस्या पुन्हा येणार होती, पंखा घेऊन. नेस्टर येणार होता, तोंड घेऊन.

बादलीवर बसलेल्या ओरेस्तच्या मनात मात्र गुरुवार नव्हता, पिंप होतं. थंड खोलीच्या टोकाला, बटाट्यांपासून चार पावलांवर, स्लाव्काच्या आईचं लाकडी पिंप उभं होतं आणि त्यात मिठाच्या पाण्यात चाळीस कोबी होते. चिरलेला कोबी आंबवायला कुणालाही येतं. स्लाव्का अख्खे गड्डे आंबवत असे. सहा जानेवारीला, जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसल्यावर बारा पदार्थांचं बिनमांसाचं जेवण होतं, त्यात या आंबट पानांत भात गुंडाळून केलेल्या वळकट्या लागतात. पान कडक राहिलं पाहिजे. मऊ पडलं की गुंडाळताना फाटतं, भात बाहेर येतो, आणि मग पाहुणे फार चांगलं झालंय असं फार वेळा म्हणतात. यंदा जेवण बोयचुकांकडे होतं. एकोणीस माणसं. नोव्हेंबरपासून पिंपाला थंडी लागते. पाण्याने गोठू नये पण गारठून राहावं, म्हणून तर ओट्याखालच्या खोलीला बाहेरची हवा आत घेणारे दोन नळ ठेवलेले असतात. ते दोन्ही नळ ओरेस्तने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुजवले होते.

का बुजवले, याचं उत्तर तो दोन दिवस शोधत राहिला. खरं सांगायचं तर बुजवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. सेहेचाळीस खोबण्या संपल्या, हात थांबेना. तो खोलीत शिरला, तिच्या तिन्ही बाहेरच्या भिंती हाताला गार लागल्या आणि त्याला ते वैयक्तिक वाटलं. चार दिवसांत तिन्ही भिंतींवर तक्ते चढले, नळ तक्त्यांमागे गडप झाले. चौथ्या दिवशी स्लाव्का दारात येऊन उभी राहिली होती. "इथेही?" "इथे तर सगळ्यात जास्त गळती." "गळती नव्हे रे, ती खोलीच थंडीची आहे." "किती थंडी हवी तेवढी सांग, मी तेवढी ठेवतो." ती त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि वर निघून गेली. ओरेस्तने याला संमती समजलं. ही चूक त्याने संसारात याआधी सुमारे चारशे वेळा केली होती, पण प्रत्येक वेळी ती त्याला नवी वाटे. त्याने तिथेही थर्मामीटर लावलं, तळघरातलं अकरावं. पिंपाच्या बाजूच्या भिंतीवर ते चार अंश दाखवू लागलं. एवढा फोम लावून चार? मापकच बिघडलेलं, हे उघड होतं. त्याने ते कचऱ्यात टाकलं, नवं आणून दारापाशी टांगलं आणि त्याने बारा दाखवल्यावर वहीत तारखेसह नोंद केली. वहीत आता महिन्याभराचे बारा होते. एका रांगेत, शिस्तीत. सोमवारी त्याने ती रांग पुन्हा पाहिली तेव्हा त्याला त्यात चाळीस कोबी मऊ पडताना दिसले.

पिंपाचं झाकण उघडून बघणं सोपं होतं, पण पिंपाला स्लाव्काशिवाय कुणी हात लावायचा नाही हा तिच्या आईपासूनचा नियम होता, आणि वाकून वास घेतला तर आंबट आला. तो चांगला आंबट की वाईट, हे कळण्यापलीकडे त्याचं नाक गेलं होतं. दोन उन्हाळ्यांच्या फेसाने ते काम केलं होतं. मंगळवारभर तो घरात कपाट सरकव, खिळा ठोक असं करत हिंडला. नळ उघडायचे तर आज उघडायला हवेत. तक्ते कापायला हवेत. पण आज भोक पाडलं तर गुरुवारी पंख्याला ते पहिल्या फटक्यात सापडणार. खोलीच्या तळघराकडच्या आतल्या दारात बोट जाईल एवढी फट होती, ती गुरुवारपर्यंत नीट होईल याचा भरवसा नव्हता. गुरुवारनंतर उघडले तर आकडा वाचतो. दोन दिवसांनी कोबीचं असं काय बिघडणार आहे, असं तो स्वतःला विचारी, आणि खिशातले मोड बोटांना लागत. त्याने ते अजून टाकले नव्हते.

त्या उणे तीसच्या शांततेत त्याला डॉफिन गावाजवळचं बापाचं लाकडी घर आठवत राहिलं. दर ऑक्टोबरात बाप घराच्या पायाभोवती गवत आणि शेण कमरेइतकं रचे आणि हिवाळाभर ते घर उकिरड्यात बसल्यासारखं दिसे. तरी आत थंडी येई. भिंतीतून आत डोकावणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांवर बर्फाच्या टोप्या चढत. ओरेस्त अंथरुणातून त्या मोजे. एकतीस टोप्या म्हणजे साधा दिवस, चाळीसच्या वर गेल्या की शाळा नाही. सात वर्षांचा असताना एकदा शाळेच्या बाई घरी आल्या. आईने चहा केला, खसखशीची गोड पोळी कापली. बाई चांगल्या होत्या, पोळी आवडली म्हणाल्या, बापाशी पिकाबद्दल बोलल्या. फक्त त्यांनी कोट काढला नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या काळ्या कोटात त्या तासभर बसून राहिल्या आणि ओरेस्त त्या बटणांकडे पाहत राहिला. बाईंना त्यात काही वाटलं नसावं, आईलाही नसेल. बाप मात्र त्या गेल्यावर कुणाशी न बोलता बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत पायाशी आणखी गवत रचत राहिला. फावड्याचा तो आवाज ओरेस्तच्या कानात पासष्ट वर्षं होता. तो खोबण्या बुजवत होता तेव्हाही होता. गेल्या हिवाळ्यात नेस्टर तळघरात पत्ते खेळायला आला आणि आधी कोट, मग स्वेटर काढून बाह्या सरसावून बसला, तेव्हा ओरेस्त सलग तीन डाव हरला होता आणि त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं.

पण बाप बटाटे कुठे ठेवी? हा प्रश्न बुधवारी सकाळी दाढी करताना आला आणि वस्तरा गालावर थांबला. बाप बटाटे घराबाहेर, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात ठेवी, आणि दर दुपारी त्या खड्ड्याच्या झाकणाला काठी लावून ते वीतभर उघडं ठेवी. ज्या माणसाने घरात शिरणाऱ्या थंडीशी जन्मभर वैर केलं तोच माणूस रोज दुपारी काठी घेऊन तिला आत बोलावत असे. आणि आपण तरी काय केलं? एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात ओरेस्त शीतडबे दुरुस्त करत होता. मांस, लोणी, मासे घेऊन जाणारे डबे. त्यांच्या भिंतींत त्याने भरलेलं अस्तर थंडी बाहेर ठेवण्यासाठी नव्हतं, ती आत ठेवण्यासाठी होतं. डब्याचं दार जाड हवं, बाकीचं नंतर बघू, असं तो नव्या पोरांना शिकवी. आणि स्वतःच्या घरी त्याने थंडीच्या खोलीला तीन बाजूंनी गोधडी पांघरली होती आणि तळघराच्या बाजूचं दार ठेवलं होतं पुठ्ठ्यासारखं पातळ. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्याने त्याला टोपणनाव ठेवलं असतं आणि ते नाव त्या माणसाला निवृत्तीपर्यंत चिकटलं असतं. ओरेस्तने उरलेली दाढी केली. आकडा गेला, हे त्याने आरशातल्या माणसाला सांगून टाकलं. त्या माणसाला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

बुधवारी स्लाव्का चर्चच्या स्वयंपाकघरात जाई. तिथे वीस बायका बसून बटाट्याचं सारण भरलेले हजारभर पेरोगी वळतात आणि गावातल्या प्रत्येकाची चौकशी करतात. ती गेल्यावर ओरेस्त लांब पात्याची सुरी घेऊन थंड खोलीत शिरला. खालचा नळ पिंपाच्या मागे, गुडघ्याइतक्या उंचीवर होता हे त्याला आठवत होतं. त्या जागी खिळ्याला लसणाच्या वेण्या टांगलेल्या होत्या, चांगल्या जाडजूड, पडद्यासारख्या. त्याने त्या बाजूला सारल्या आणि सुरी खाली ठेवली.

त्याच्या तक्त्यात आधीच एक भोक होतं. भोक म्हणणं अन्यायाचं होईल. कुणीतरी लोणच्याच्या मोठ्या प्लास्टिक बरणीचा गळा करवतीने कापून तक्त्यात बसवला होता, बरोबर नळाच्या तोंडावर, आणि त्यावर त्याच बरणीचं फिरकीचं झाकण होतं. ओरेस्त गुडघ्यांवर बसला. त्याने बोट फिरवलं. तक्त्याची कापलेली कड घासून गुळगुळीत केलेली होती, आणि गळा आणि फोम यांच्यामधली फट मधमाश्यांच्या मेणाने भरली होती. ईस्टरची अंडी रंगवताना स्लाव्का जे मेण दिव्यावर पातळ करते त्या मेणाने, एकसारखं, कुठेही फुगवटा नाही, कुठेही तुटलेलं नाही. त्याच्या सेहेचाळीस खोबण्यांपैकी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, तीनचारच इतक्या चांगल्या उतरल्या होत्या. त्याने झाकण फिरवलं. दीड वेढ्यात ते सुटलं आणि उणे एकतीसची हवा शांतपणे आत येऊन पिंपाच्या अंगावर पसरली. झाकणाच्या आत रबराचं कडं होतं. आणि बाजूला तक्त्यावर, पेन्सिलीने, स्लाव्काच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: *ओरेस्त बातम्या बघतो तेव्हा, अर्धा तास.*

ओरेस्तला आधी राग आला, पण तो बसायला जागा न मिळाल्यासारखा निघून गेला. मग ते कचऱ्यात टाकलेलं थर्मामीटर आठवलं, चार अंशांचं, बिचारं खरं बोलणारं. मग त्याला हसू आलं आणि ते गुडघ्यांत दुखलं. महिनाभर रोज संध्याकाळी तो वर खुर्चीत बसून जगाच्या बातम्या ऐकत होता आणि घरातली बातमी खाली चालू होती. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या भिंतीला भोक पाडणं तिला सोपं वाटलं, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या मेणाच्या रेघेवर बोट फिरत राहिलं आणि छातीत जे भरून आलं त्याला त्याच्याजवळ अभिमान हा एकच शब्द होता, आणि तो शब्द तो इतके दिवस फक्त स्वतःसाठी वापरत होता. त्याने झाकण पुन्हा दीड वेढा बसवलं, लसूण होता तसा टांगला. मग संध्याकाळपर्यंत आणि गुरुवारी सकाळीही त्याने आतल्या पातळ दारावर फोमचा तक्ता चढवला, चौकटीला रबराची पट्टी मारली आणि बटाट्यांचं पोतं दारापासून उचलून पिंपाच्या शेजारी नेलं. बुधवारी जेवताना स्लाव्काने विचारलं, "आज काय केलंस?" "काही नाही. एक फट तपासली." "मग?" "बंद होती." स्लाव्काने त्याच्या ताटात न मागता आणखी दोन पेरोगी वाढले.

गुरुवारी लाल पडदा पुन्हा दारात ताणला गेला. पंखा घरघरला. ओरेस्त जिन्याखाली उभा होता. घर गप्प होतं. लेस्या धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीने फिरली. जिथे हवा शिरते तिथे धूर वाकतो. इथे तो प्रत्येक खोबणीपुढे सरळ उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. एकदोनदा पाण्याच्या नळापाशी हलला, तेव्हा ओरेस्तही हलला. ती आकडा मोठ्याने वाचते न वाचते तोच नेस्टर तिच्या खांद्यावरून वाकला. "एक पूर्णांक सहा," लेस्या म्हणाली.

"यंत्र नीट आहे ना, पोरी?" नेस्टरने विचारलं.

"यंत्र नीट आहे, काका. घर जास्त नीट आहे." ती थंड खोलीत शिरली होती. "अगं बाई! मामा, हे काय आहे?" तिने लसूण बाजूला केला होता. कांडीतला धूर झाकणाच्या कडेने सरळ वर गेला. तिने कांडी खाली नेली, फिरवली, पुन्हा वर आणली, धुराने मान वाकवली नाही. "हजार घरं बघितली असतील मी. थंड खोलीचा नळ एकतर सताड उघडा असतो नाहीतर चिंध्या कोंबलेला. हवं तेव्हा उघडायचं आणि बंद केलं की एवढं घट्ट? हे केलं कुणी? तुम्हीच ना?"

नेस्टर दारात होता. जिन्यावर पावलं वाजली होती आणि मधल्या पायरीवर थांबली होती. ओरेस्तला ती पावलं ओळखता येत होती. त्याच्या मनात एक अगदी छोटा क्षण आला, ज्यात 'हो' हा शब्द तयार होऊन बसला होता, बसायला काही हरकतही नव्हती, कुणीही खोटं पाडणार नव्हतं. स्लाव्का तर नक्कीच नाही. त्या क्षणाकडे त्याने नीट पाहून घेतलं.

"स्लाव्काने," तो म्हणाला, जिन्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. "मी खोली बुजवून टाकली होती. चुकलंच माझं. तिने ही वाचवली. मेण बघ मेण. एवढी साफ रेघ माझ्या हातून एकही आली नाही."

नेस्टरला अखेर आयुष्यभराची संधी मिळाली होती. "म्हणजे तू दोन वर्षं भोकं बुजवत होतास आणि बायको मागून पाडत होती!"

"एकच पाडलं," जिन्यावरून आवाज आला. स्लाव्का एप्रनला हात पुसत खाली आली आणि लेस्याला म्हणाली, "झाला ना गं तुझा पंखा? मग सरका सगळे. बुधवारपासून हा माणूस इथेच घुटमळतोय, कोबीला वारा मिळालेला नाही." तिने पिंपाचं झाकण उचललं, हात घालून वरच्या गड्ड्याचं एक पान सोडवलं आणि ओरेस्तच्या तोंडापुढे धरलं. त्याने चावलं. पान दातांखाली करकरलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

"कसं?" तिने विचारलं.

ओरेस्तने शांतपणे चावून गिळलं, मग तो नेस्टरकडे वळला आणि ताठ उभा राहिला.

"रविवारी जेवणघरात सांगशील ना, तेव्हा नीट सांग," तो म्हणाला. "एक पूर्णांक सहा. भोकासकट."